आजोबांचं अस्सल मेज

पोटापाण्यासाठी माणसाला काहीतरी करावं लागतं. कोणी शिकवतं, कोणी शिवतं, कोणी दुसऱ्यांचे दात काढतं. नातूसाहेब नातू होते. साठीपर्यंत त्यांनी विम्याच्या कचेरीत टेबलामागे बसून दिवस काढले होते, पण ते दिवस ना कचेरीच्या लक्षात राहिले ना त्यांच्या. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, स्वतःला नातवंडं झाली, तरी गावात त्यांची ओळख एकच: थोर इतिहाससंशोधकांचे नातू. सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. हातात माइक आला की "आमचे आजोबा म्हणत असत" अशी सुरुवात, आणि मग आजोबा जे कधीच म्हणाले नव्हते ते अर्धा तास. लोक मुकाट ऐकून घेत. खरंखोटं करायला आजोबा थोडेच उठून येणार होते!

खरे आजोबा असले काही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी जुन्या राजांच्या सनावळ्या अशा काही तपासल्या, की दोन राजे आपापल्या विजयांना मुकले आणि एका घराण्याचा मूळ पुरुषच नाहीसा झाला. त्या घराण्याच्या वंशजांनी घरावर दगड मारले, तर आजोबांनी बाहेर येऊन प्रत्येक दगड उलटसुलट करून त्यावर काही कोरलंय का ते पाहिलं म्हणे. हे नातूसाहेबच सांगतात, तेव्हा सोडून द्या. पण एक गोष्ट सगळेच सांगत. आजोबांचं हत्यार म्हणजे एक शब्द होता: "कशावरून?" डॉक्टर म्हणाला ताप आहे, की "कशावरून?" बायको म्हणाली भाजीत मीठ घातलंय, की "कशावरून?" ती बिचारी पुरावा म्हणून डाव पुढे करायची आणि ते चाखून बघायचे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा रोकडा कारभार.

तो शब्द आता पितळी अक्षरांत दारावर होता. घराची पुढची खोली म्हणजे स्मृतिदालन, आणि दालनाच्या चौकटीवर पाटी: "कशावरून?" नातूसाहेब ती स्वतः स्टुलावर चढून पुसत. पाटीवरचा प्रश्न घरात कोणी विचारायचा नाही, एवढाच काय तो दंडक होता.

आणि तो दंडक हवाच होता. दालनात मधोमध आजोबांचं शिसवी मेज होतं. ते एका मेलेल्या वकिलाच्या घरून आलं होतं. मेजामागची उंच पाठीची खुर्ची त्याच वकिलाची, फक्त तिचा एक पाय नवा. काचेच्या पेटीत आजोबांची काठी होती. ती नातूसाहेबांनी एकदा थंड हवेच्या ठिकाणी गेले असताना स्वतःसाठी घेतली होती. काठीशेजारी आजोबांचा चष्मा होता.

"माझ्या बाबांचा आहे तो," त्यांची बायको म्हणायची. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. "बसचा नंबर दिसत नाही म्हणून करून घेतला होता त्यांनी. आणि तुम्ही खाली लिहिलंय, या काचांमधून तीन साम्राज्यं पाहिली!"

"अगं, लोकांना काहीतरी बघायला लागतं."

"मग माझ्या बाबांचं नाव घाला की. त्यांनीही बऱ्याच बस पाहिल्या."

यावर नातूसाहेब स्टूल उचलून पाटी पुसायला जात.

आता एवढा सगळा थाट उभा राहिला तो एका चरित्राच्या पायावर. चाळिशीत असताना नातूसाहेबांनी आजोबांचं चरित्र लिहिलं. त्यात आजोबा पहाटे स्नान करून शिसवी मेजासमोर ताठ बसत, डोळे मिटत, आणि अंतःकरणातून "कशावरून?" हा प्रश्न उमटला की लेखणी उचलत. हे वर्णन लिहिलं तेव्हा घरात मेज नव्हतं. पुस्तक वाचून लोक मेज बघायला यायला लागले, म्हणून मग वकिलाचं आणावं लागलं. पुढे एका प्राध्यापकांनी आजोबांवर प्रबंध लिहिला. आजोबांचं लेखन जड आणि नातूसाहेबांचं हलकं, त्यामुळे प्रबंधाचा बराचसा भार चरित्रानेच वाहिला. त्यात "मेज आणि मौन" असं एक अख्खं प्रकरण होतं. प्रबंध छापून आल्यावर नातूसाहेबांनी चरित्राची दुसरी आवृत्ती काढली आणि मेजाच्या उल्लेखाखाली तळटीप दिली: पाहा, अमुक प्रबंध, तमुक पान. पहिल्या आवृत्तीत "असं म्हणतात" होतं. प्रबंधात त्याचं "नमूद आहे" झालं. दुसऱ्या आवृत्तीत ते "सिद्ध झालं आहे" होऊन परत घरी आलं.

खरं काय होतं ते जगात एकट्या नातूसाहेबांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ आजोबांचं तेवढंच होतं.

आजोबा लिहायचे स्वयंपाकघरात. पुढची खोली पुस्तकांनी भरलेली, मधली ओलीने, आणि त्यांच्या गुडघ्यांना चुलीची ऊब लागायची. भिंतीला पाठ लावून ते जमिनीवर बसत. पुढ्यात साबणाचं लाकडी खोकं पालथं घातलेलं. त्यावर कागद, दौत, आणि कोपऱ्यात आजीने ठेवलेला कोथिंबिरीचा ढीग. खोक्याच्या पलीकडे सातआठ वर्षांचा नातू. त्याला एकच काम होतं. आजोबा एक वाक्य लिहायचे, मोठ्याने वाचायचे, आणि नातवाने विचारायचं, "कशावरून?" आजोबांनी लगेच आधार सांगितला, हे नाणं, तो शिलालेख, की वाक्य राहिलं. ते अडखळले, की वाक्यावर काट. विचारणाऱ्याला काही कळलं पाहिजे अशी अट नव्हती. नातू शेंगदाणे खात विचारायचा. भूक लागली की जास्त विचारायचा. एकदा तर त्याने चिडून चार वेळा लागोपाठ विचारलं आणि एक अख्खं प्रकरण चुलीत गेलं. आजोबांनी राख ढवळली, नातवाच्या डोक्यावर शाईचा हात ठेवला आणि म्हणाले, "वाचवलंस लेका. उद्या लोकांत हसं झालं असतं."

दारावरचा तो पितळी शब्द अंतःकरणातून वगैरे उमटलेला नव्हता. त्या पुस्तकांमधलं एकूण एक वाक्य या पोराच्या तोंडच्या प्रश्नाला पुरून उरलं होतं. एवढं मोठं काम नातूसाहेबांनी पुन्हा आयुष्यात केलं नाही. पण चरित्र लिहायला बसल्यावर त्यांना त्याचीच लाज वाटली. एवढा थोर पुरुष, आणि बसायला स्वयंपाकघर? लिहायला साबणाचं खोकं? म्हणून त्यांनी शिसवी मेज लिहिलं. ज्या वर्षी चरित्र छापून आलं त्याच वर्षी त्यांनी खोकं अंगणात नेलं, पॉलिश पेपरने घासघासून शाईचे सगळे डाग काढले आणि वर हिरवा रंग दिला, चांगले दोन हात. नातूसाहेबांच्या हातून नीट पार पडलेलं हे बहुधा पहिलंच काम. तेव्हापासून त्या खोक्यात कांदे-बटाटे राहत.

आणि आता समिती यायची होती. सरकारने थोर विद्वानांची घरं ताब्यात घेऊन त्यांची अधिकृत स्मारकं करायची ठरवलं होतं. दालनाला सरकारी मान्यता मिळाली की नातूसाहेब आजीव मानद संचालक होणार, दाराशी त्यांच्या स्वतःच्या नावाची पाटी लागणार. या पाटीसाठी ते आतून पेटले होते. विम्याच्या कचेरीतसुद्धा त्यांच्या टेबलावर नावाची पाटी नव्हती, फक्त "चौकशी" असं लिहिलेलं होतं. आपण मेल्यावर आजोबांचा नातू वारला असं लोकांनी म्हणू नये, अमुक अमुक गृहस्थ वारले असं म्हणावं, एवढी साधी इच्छा होती. ती आजोबांच्या जिवावर पुरी करून घ्यायची होती हे त्यांना चमत्कारिक वाटत नव्हतं.

समिती तिघांची होती. तिसरे सभासद आले नाहीत, आणि समितीत सर्वांत निरुपद्रवी तेच निघाले. आलेल्यांपैकी एक होत्या खात्यातल्या अधिकारीबाई, ज्यांना संध्याकाळच्या आत आणखी एक थोर पुरुष उरकायचा होता. दुसरे ते प्रबंधवाले प्राध्यापक. पायांत चकचकीत बूट, बोलण्यात थांबा नाही.

"हे मेज," अधिकारीबाई म्हणाल्या. "याला आधार?"

नातूसाहेबांनी नम्रपणे प्राध्यापकांकडे बघितलं.

"माझा प्रबंध," प्राध्यापक म्हणाले. "आख्खं प्रकरण आहे."

"आणि तुमचा आधार?"

"यांचं चरित्र."

"आणि यांचा?"

"दुसऱ्या आवृत्तीत तळटीप दिलीय ना. माझा प्रबंध."

"म्हणजे दोन आधार झाले," अधिकारीबाई म्हणाल्या आणि त्यांनी खूण केली. "दोनच लागतात."

खुर्ची मेजाच्या ओघात पास झाली. काठीपाशी प्राध्यापक थबकले, ती हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "किती दगडधोंड्यांत हिंडली असेल ही!" घरी आणल्यापासून ती बागेच्या पुढे गेली नव्हती. चष्म्याची वेळ आली तेव्हा काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. नातूसाहेबांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की काकूंनी ट्रे ठेवला आणि वडिलांच्या चष्म्याकडे पाठ करून त्या आत गेल्या. चष्माही पास झाला.

नातूसाहेबांना अंग हलकं वाटायला लागलं. आजोबांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाने भल्याभल्यांची पाचावर धारण बसवली, तो प्रश्न आज यांच्या घरात येऊन चहा पिऊन निघाला होता.

"आता बाहेर जायची वाट," अधिकारीबाई म्हणाल्या. "लोक पुढून आत आले की मागून बाहेर पडले पाहिजेत. नियम आहे."

मागची वाट स्वयंपाकघरातून जात होती. सगळे तिकडे गेले. काकू ओट्याशी भांडी विसळत होत्या. अधिकारीबाईंनी खोली नजरेने मोजली.

"ही सगळी रिकामी करावी लागेल. हा रॅक, हे डबे, ते हिरवं काय ते."

"अडगळ आहे ती, काढतील," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. त्यांनी पाय उचलला, कांद्याबटाट्यांच्या खोक्याच्या काठावर ठेवला आणि ते वाकून नाडी बांधायला लागले.

"पाय काढा!"

आवाज एवढा मोठा होता की काकूंच्या हातातून वाटी निसटली. असा आवाज त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. प्राध्यापक नाडी तशीच सोडून सरळ उभे राहिले.

"पाय काढा त्याच्यावरून," नातूसाहेब म्हणाले. "त्यावर आजोबा लिहायचे."

"कशावर? कांद्यांवर?"

"खोकं आहे ते साबणाचं. पालथं घालून लिहायचे. इथे, या भिंतीला टेकून. मी समोर बसायचो. ते वाक्य वाचायचे आणि मी विचारायचो."

"काय विचारायचात?"

"कशावरून."

प्राध्यापक आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की नातूसाहेब हसत नाहीयेत, आणि त्यांचा चेहरा बदलला. स्वयंपाकघर खरं धरलं तर पुढच्या खोलीतलं मेज जात होतं, मेजाबरोबर मौन, आणि त्या दोघांबरोबर त्यांची पदवी.

"तुम्ही दमलाय," ते म्हणाले. "एवढ्या थोर माणसाला तुम्ही चुलीपुढे बसवताय? अहो, नातू ना तुम्ही? त्यांच्या बदनामीला दुसरं कोणी मिळालं नाही?"

"बदनामी कसली? मी बघितलंय."

"त्याला काय आधार?" अधिकारीबाईंनी विचारलं. कुत्सितपणे नाही. त्यांना रकाना भरायचा होता.

"त्यावर शाईचे डाग होते. कोपऱ्यात काळा मोठा ठसा होता, दौतीचा."

अधिकारीबाईंनी वाकून बघितलं. खोकं कलतं करून बूडही पाहिलं. हिरव्या रंगावर हिरवा रंग होता.

"कुठेयत?"

"घासून काढले."

"कोणी?"

"मी."

"का?"

प्राध्यापकांनी मान हलवली, एखाद्या आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून हलवावी तशी.

"तुमच्याच चरित्रात हे खोकं कुठे आहे?" ते म्हणाले. "माझ्या प्रबंधात कुठे आहे? एका ओळीचा तरी उल्लेख दाखवा."

उल्लेख कुठून असणार? आपणच बांधलेल्या भिंतीवर नातूसाहेबांचं डोकं आपटलं होतं, आणि भिंत चांगली मजबूत बांधलेली होती.

अधिकारीबाईंनी घड्याळात पाहिलं. "हे बघा, मला एकच लिहिता येईल. मेज खरं की खोकं खरं? खोकं म्हणालात तर पुढच्या खोलीतलं सगळं पुन्हा तपासावं लागेल. चष्म्यापासून. आणि तुमच्या नेमणुकीचंही मग बघावं लागेल. मेज म्हणालात तर इथे सही करा."

काकू खाली वाकून वाटी उचलत होत्या. नातूसाहेबांनी खोक्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. सत्तरी ओलांडलेले हात, आणि त्यांनी केलेलं नाव घेण्यासारखं काम म्हणजे रंगाचे दोन हात. डोळ्यांपुढे दाराशेजारची जागा आली, जिथे त्यांच्या नावाची पाटी बसणार होती. भोकं त्यांनी आधीच पाडून घेतली होती.

"मेज," ते म्हणाले.

"आणि हे काय लिहू?"

"अडगळ."

सही झाली. प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "होतं असं. वय झालं की माणसाला काहीबाही आठवायला लागतं," आणि खाली बसून नाडी बांधली, या वेळी स्वतःच्या गुडघ्यावर पाय घेऊन. अधिकारीबाई जाताना म्हणाल्या, अडगळ जितक्या लवकर हलेल तितकं बरं.

काकू कामाच्या बाबतीत उद्यावर ढकलणाऱ्या नव्हत्या. गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली तशी त्यांनी त्याला हाक मारली, कांदे-बटाटे परातीत ओतले आणि खोकं तिरकं करून जमिनीवर आपटलं. सालपटं खाली पडली.

"देऊ नकोस," नातूसाहेब म्हणाले.

"का? बदल्यात टोपली देतोय तो. चांगली झाकणाची."

"अगं, त्यावर आजोबा लिहायचे. खरंच. मी समोर बसायचो."

काकूंनी पदराला हात पुसले. या माणसाने त्यांच्या वडिलांच्या चष्म्यातून तीन साम्राज्यं पाहिली होती. बागेतल्या काठीला त्याने डोंगर चढवले होते. मेलेल्या वकिलाच्या खुर्चीत रोज नवे आजोबा बसवले होते, आणि ते काकूंनी चालवून घेतलं होतं. त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं.

"कशावरून?"

नातूसाहेबांनी तोंड उघडलं. हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता, तेच आजोबांना विचारायचे, शेंगदाणे खात, या खोक्याच्या पलीकडे बसून. आधार आठवायला वेळ द्यायचा नाही, हा आजोबांचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. अडखळलं की वाक्यावर काट. ते अडखळले. डोळ्यांत पाणी आलं, पण पाणी हा काही पुरावा नव्हे, हे त्यांना आजोबांनीच शिकवलं होतं.

भंगारवाला दारात येऊन उभा होता. "साहेब, एक बाजू धरता का? जरा जड आहे."

नातूसाहेबांनी एक बाजू धरली. मागच्या दाराबाहेर पायऱ्या मोडक्या होत्या, म्हणून दोघांनी ते खोकं पुढच्या खोलीतून नेलं, शिसवी मेजाला वळसा घालून, दारावरच्या पाटीखालून.